प्रति: 'शेतकऱ्या' शोधलं तर अर्ध्याच ओळी सापडतात

भाऊ, दारव्ह्याकडच्या दोन गावांच्या याद्या जोडल्यावर शोध अर्धवट चालतो म्हणता ना, फाइल बिघडलेली नाही. दोन ऑपरेटरांनी अर्धा र वेगवेगळा टाइप केलाय: एकानं साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह, दुसऱ्यानं खाली टिंब असलेला र आणि हलन्त. पडद्यावर हुबेहूब, पण नोटपॅडसाठी वेगळे.

न सापडणारा 'ऱ्या' यादीतूनच कॉपी करून फाइंडमध्ये टाका, रिप्लेसमध्ये जो सापडतो तो. 'वऱ्हाड'मधल्या 'ऱ्हा'साठी पुन्हा तेच.

आधी फाइलची प्रत ठेवाच! आणि सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे ना, बघा. जुन्या विंडोजवरचं नोटपॅड ॲन्सी ही जुनी पद्धत धरतं. त्यात देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, आणि ती अक्षरं पुन्हा मिळत नाहीत.