30 लिटरची मर्यादा: सुरक्षा की हप्तेबाजी?

रंगारी: शेडमध्ये टोल्युईनचा (रंग पातळ करायच्या थिनरचा) एक 200 लिटरचा ड्रम ठेवला तर काय आभाळ कोसळतं? विनापरवाना फक्त 30 लिटर म्हणे! 1934 चा पेट्रोलियम कायदा. हप्ते गोळा करायची सोय, दुसरं काय.

फ्लॅशपॉइंट: कायदा जुना आहे, पण टोल्युईन बदललंय का? फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटते ते तापमान, 4 अंश. 23 च्या खाली म्हणजे क्लास ए, पेट्रोलच्याच पंगतीत. शिवाय ते 30 लिटरही हव्या त्या भांड्यात चालत नाही: धातूचा डबा 25 लिटरपर्यंत, काचेची बाटली 1 लिटरपर्यंत. प्लॅस्टिक कॅनचं त्यात नावच नाही. आणि तुमच्याकडे सगळा माल कॅनमध्येच असणार!

रंगारी: ज्याला दिवसाला 40 लिटर लागतं त्याने काय करावं?

फ्लॅशपॉइंट: परवाना काढावा. नाहीतर एमटीओवर (मिनरल टर्पेंटाइनवर) जमतंय का बघावं. ते क्लास बी, 2500 लिटरपर्यंत परवाना नको, फक्त एकही भांडं 1000 लिटरच्या वर नको.

मिस्त्री: पीयूत (पॉलियुरेथेन रंगात) एमटीओ घालून बघा, रंग फाटतो. कागदावरचे सल्ले!

भंगार: भरलेल्या ड्रमवर काय भांडताय, रिकाम्याचं बोला. बंद ड्रममध्ये पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की जळायला हवाच पुरत नाही. टोल्युईनची 30 अंशाला साधारण 5 टक्के, आणि हवेत पेटायचा पट्टा 1.2 ते 7 टक्के. म्हणजे नेमकी पट्ट्यात. तळाला 10-12 मिली राहिलं तरी अख्ख्या ड्रमला पुरे. ड्रम कापून कुंडी करायला ग्राइंडर लावला की झाकण छपरात.

मिस्त्री: पाण्याने धुतला की झालं. उगाच बाऊ.

भंगार: टोल्युईन पाण्यात विरघळतं का हो? धुतलं तरी तळाच्या शिवणीत बसून राहतं, पात्याची उष्णता लागली की परत वाफ. कापायचाच तर आधी कापायच्या रेषेपर्यंत पाणी भरा, वर पोकळी कमीत कमी ठेवा. खरं तर कापूच नका.

रंगारी: धागा माझ्या परवान्याचा होता!

फ्लॅशपॉइंट: मग परवाना मिळाल्यावर तरी ड्रममधून डब्यात ओतताना दोन्ही तांब्याच्या वायरने जोडून अर्थिंग द्या. क्लॅम्प रंगावर चावला तर उपयोग शून्य, खालचा पत्रा दिसेपर्यंत खरवडा.

रंगारी: खरवडतो, गुरुजी. हप्त्याचं मात्र मागे घेत नाही.