मदत हवी आहे : बुद्धी कामात गुंतलेली असताना देवावर पूर्ण मनाने प्रीती कशी करावी?

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकात (6:5) पूर्ण मनाने, जिवाने व शक्तीने देवावर प्रीती करण्याची आज्ञा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (12:30) प्रभू येशू त्यात बुद्धीचाही उल्लेख करतो, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. माझे काम हिशेब तपासण्याचे असल्यामुळे आकड्यांवरून लक्ष हटवता येत नाही. पहाटेची प्रार्थना व स्तोत्रवाचन नियमित चालू आहे. दुपारी काम थांबवून लहानशी प्रार्थना करून पाहिली, पण ती ओठांवरच राहते. काम प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करावे, हे मान्यच आहे (कामात गुंतलेली मार्था व येशूच्या पायाशी बसून ऐकणारी तिची बहीण मरिया यांचा दाखला कृपया पुन्हा देऊ नये). नोकरी सोडणे शक्य नाही. बुद्धी पूर्णपणे कामात गुंतलेली असताना ही प्रीती टिकून आहे हे कशावरून ओळखावे, आणि त्यासाठी आपण स्वतः कोणती सवय लावून घेतली आहे?