ताडोबा: वडील (७४) आणि मुलगी (७) बरोबर आहेत, मुक्काम कुठल्या गेटजवळ करावा?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी.

फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात ताडोबाला तीन दिवस राहायचं ठरतंय. मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि माझे वडील. बाबा ७४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालतात, पण उंच पायरी आली की थांबतात. ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. घाटातून, जंगलातून रातराण्या नेल्या, पण जंगल बघितलं ते हेडलाइटच्या उजेडात पडेल तेवढंच. "मला आता नुसतं बसून जंगल बघायचंय" एवढं एकच मागणं त्यांनी केलंय, आणि ते मला नीट पुरं करायचंय.

भीती वाटते कारण गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्या एका जंगलाजवळ राहिलो होतो. रिसॉर्ट "गेटला लागून" म्हणून घेतलं, प्रत्यक्षात आमचं गेट बावीस किलोमीटरवर निघालं. रात्री साडेअकरापर्यंत लॉनवर स्पीकर चालू. मुलगी रडून झोपली आणि पहाटे उठलीच नाही, त्यामुळे मी आणि ती मागे राहिलो. पैसे गेले त्याचं काही नाही, पण तिला अजून आठवतं की सगळे गेले आणि आपण राहिलो.

आता ज्या रिसॉर्टशी बोलणं चाललंय ते "वाघ शंभर टक्के दाखवतो" म्हणतात. यावर किती विश्वास ठेवावा? गेट कुठलं घ्यावं? बाबांना उघड्या जिप्सीत तीन-चार तास झेपतील का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानभूल:

थोडक्यात लिहितो. मंगळवारी सफारी बंद असते, तेवढं धरून तारखा ठरवा. नाहीतर तीनातला एक दिवस नुसता खोलीत जातो. शनिवार-रविवारचे दर जास्त आणि गर्दीही जास्त, म्हणून बुधवार ते शुक्रवार जमवा. परमिट वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. परमिटवर ज्या ओळखपत्राचा नंबर टाकाल तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो धरून बसू नका. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव गाभ्यात, मोबाइल नेता येत नाही, कॅमेरा चालतो.

एका जिप्सीत सहा पर्यटक, वर गाइड आणि ड्रायव्हर. तुम्ही चौघं आहात, तर शक्य असेल तर पूर्ण जिप्सी घ्या. बाबांना पाय पसरायला जागा मिळेल.

"शंभर टक्के" म्हणणाऱ्याकडे मी तरी गेलो नसतो. वाघ दाखवायच्या हट्टापायी काय होतं ते आपण पाहिलंय. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी अडवली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. आपल्या लेकराला असलं दृश्य दाखवायचं नाही, एवढं आधीच ठरवून जा.

मोहफूल:

पाऊलवाट दादा, तुमचं वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी चंद्रपूरची. मोहर्लीच्या बाजूला एका लहान रिसॉर्टच्या रिसेप्शनवर सात वर्षं होते. त्या टेबलावर बसून जे पाहिलं तेच सांगते.

आधी गेट ठरवा. परमिट हातात येऊ द्या. मगच खोली. लोक नेमकं उलटं करतात. फोटो पाहून खोली घेतात, आणि परमिट शोधायला जातात तेव्हा उरलेलं असतं दुसऱ्याच टोकाचं गेट. खोली मोहर्लीला आणि सफारी कोलाऱ्याची, अशी कितीतरी कुटुंबं माझ्यासमोर उभी राहिलीत. नकाशावर वाटतं, एकाच जंगलाच्या तर दोन कडा आहेत. पण जंगलातून आरपार जाता येत नाही, ज्या गेटनं आत त्याच गेटनं बाहेर. बाहेरून भद्रावती, वरोरा, चिमूर असा वळसा घालायचा म्हणजे दोन-अडीच तास. पहाटे तीनला झोपेतली लेकरं खांद्यावर टाकून नेताना पाहिलीत मी.

कोअरचे गेट म्हणजे मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी. बफरचे, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याचे, वेगळे: आगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर, अलिझंझा आणि आणखी काही. "गेटपासून एक किलोमीटर" असं कुणी म्हटलं की लगेच विचारा, कोणतं गेट, कोअरचं की बफरचं? तुमची गेल्या वर्षीची फसगत इथेच झाली असणार. किलोमीटर विचारू नका. "पहाटे निघालो तर आमच्या परमिटवरच्या गेटला किती मिनिटं" असं विचारा.

तुमच्यासाठी मी मोहर्ली म्हणेन. नागपूरला उतरणार असाल तर उमरेड-भिसी-चिमूर रस्त्यानं कोलारा जवळ पडतं हे खरं. पण चंद्रपूर स्टेशनवरून मोहर्ली तीसेक किलोमीटर, आणि ७४ वर्षांचं माणूस सोबत असताना जिल्ह्याचं शहर आणि त्यातले मोठे दवाखाने एवढ्या अंतरावर असणं मला फार मोलाचं वाटतं.

बफरला कमी समजू नका. वाघ पाटी वाचून फिरत नाही. एक सफारी बफरची ठेवलीत तरी चालेल. तिथले गाइड त्याच गावांतले असतात, काही ठिकाणी बायाही आहेत. तुमच्या मुलीला एखादी ताई गाइड मिळाली तर ती काय काय विचारेल बघा.

आता मुक्कामाचं. सफारी असते सकाळी आणि दुपारी, तीन-चार तासांची. उरलेला सगळा वेळ तुम्ही रिसॉर्टवर असता. बाबांना बसून जंगल बघायचंय ना? मग त्यांचं जंगल निम्मं तिथेच आहे. खोली तळमजल्यावरची मागा आणि व्हरांडा रानाकडे तोंड असलेला मागा, स्विमिंग पूलकडे नको. एक लाकडी खुर्ची बाहेर टाकून द्या. सकाळच्या सफारीहून आल्यावर साडेदहा-अकराला वानरांची टोळी झाडावर येते, मोर खाली उतरतात. फेब्रुवारी-मार्चात पानगळ चालू असते, त्यामुळे पालापाचोळ्यात सरडा पळाला तरी कळतं.

आणि आवाजाचं. बुकिंग करताना सरळ विचारा, "या तारखांना लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम आहे का?" असेल तर तारीख बदला नाहीतर जागा बदला. हा प्रश्न मला सात वर्षांत दोघा-तिघांनीच विचारला असेल, आणि मी प्रत्येक वेळी खरं सांगितलं.

याचं मला इतकं का वाटतं ते सांगते. मार्चातली एक रात्र. लाइट गेलेले, जनरेटर अजून सुरू केला नव्हता. स्वयंपाकघरातल्या मावशींनी एकदम हात वर केला. नाल्याच्या बाजूनं सांबर ओरडलं, ढोंक, वाघाची चाहूल लागली की ओरडतं तसं. मग थोडं थांबून परत, पहिल्यापेक्षा जवळ. जेवायला बसलेले पंधरा-वीस पाहुणे, एकाच्याही ताटाचा आवाज नाही. एक आजी घास तसाच हातात धरून बसल्या होत्या. दिसलं काहीच नाही. पहाटे आमच्या फाटकाबाहेर हापशाजवळच्या ओल्या मातीत वाघाचं पाऊल उमटलेलं होतं, चारही बोटं नीट उठलेली, गादीची मागची कडासुद्धा. आमच्या चौकीदार काकांनी त्याच्याभोवती काड्या रोवल्या, गाडीचं चाक जाऊ नये म्हणून. आजींनी त्यावर हात धरून पाहिला. त्यांचा तळवा त्यात मावला. त्या रात्री लॉनवर स्पीकर असता तर यातलं काही झालं नसतं.

अजून एक, आणि हे कृपया मनावर घ्या. मार्च लागला की मोहफुलं पडायला लागतात. उजाडायच्या आत आमच्या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या असतात. अस्वलं त्याच फुलांवर येतात आणि वाघही त्याच रानात असतो. माझ्या जिल्ह्यात यात माणसं जातात. दरवर्षी जातात. म्हणून रिसॉर्टपासून गेटपर्यंतच्या रस्त्यावर तुमच्या ड्रायव्हरला सांगा, हळू चला, हॉर्न नको, झाडाखाली कुणी वाकलेलं दिसलं तर फ्लॅश मारून फोटो नको. अंधार पडल्यावर रिसॉर्टच्या फाटकाबाहेर शतपावलीलाही जाऊ नका, कुणी "काही होत नाही" म्हटलं तरी.

काळा चश्मा:

मोहफूल ताईंचं सगळं बरोबर, पण वाघ बघायचा असेल तर मे महिनाच. पाणवठ्यावर बसून दाखवतो. मी पाच सफाऱ्यांत चार वेळा पाहिलाय. मार्चात झाडी असते, नशिबावर आहे.

मोहफूल:

दादा, पाण्याचं खरं आहे, उन्हाळ्यात पाणवठ्यावर दिसायची शक्यता वाढते. पण चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ डिग्रीला जातो. दुपारची सफारी उघड्या जिप्सीत, वर टप नाही, जिप्सीची लोखंडी दांडी हाताला चटका देते. त्यात ७४ वर्षांचे आजोबा आणि सात वर्षांचं लेकरू? मी माझ्या घरच्यांना पाठवणार नाही. सलाइन लावलेले पाहुणे पाहिलेत मी. फेब्रुवारीअखेरच बरं. पळस फुललेला असतो, दुपार सोसवते. पहाट मात्र गार असते, गाडी चालायला लागली की वारा कापतो. कानटोपी न्या. रिसॉर्टकडून ब्लँकेट मागून घ्या, मिळतात.

पाऊलवाट:

मोहफूल ताई, काय लिहिलंय तुम्ही. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पावलाचा भाग दोनदा वाचायला लावला. म्हणाले, "त्या बाईंना विचार, तळ्याकडे जाता येतं का?" एसटीतल्या कुणा चंद्रपूरच्या सहकाऱ्यानं त्यांना ताडोबा तळ्याबद्दल कधीतरी सांगितलं होतं.

मोहर्ली नक्की केलं. बुधवार ते शुक्रवार. "शंभर टक्के"वाल्यांना नको म्हणून कळवलं. दुसऱ्या एका लहान जागी फोन केला आणि कार्यक्रमाचं विचारलं, तर समोरच्या मुलीनं वही बघून सांगितलं की गुरुवारी काही नाही, शनिवारी साखरपुडा आहे. आम्ही शुक्रवारी दुपारीच निघतोय.

दोनच शंका राहिल्या. बाबा जिप्सीत चढणार कसे, आणि हादरे?

मोहफूल:

तळं कोअरमध्ये आहे. त्या दिवशी तुमची गाडी कुठल्या बाजूला जाते त्यावर आहे, पण गाइडला निघतानाच सांगून ठेवा. काठावर तारूचं ठाणं आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना गेला असं सांगतात, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आलं म्हणतात. पौषात तिथे जत्रा भरते. तळ्यात मगरी आहेत, उन्हाला काठावर पडलेल्या असतात. वाघ नाही दिसला तरी बाबांना ते तळं पुष्कळ वेळ पुरेल. वाटेवर जुने दगडी खांब दिसतील, गोंड राजांच्या काळातले म्हणतात. तेही गाइडला दाखवायला सांगा.

चढायचं सोपं आहे. आदल्या रात्रीच रिसेप्शनवर सांगा की एक पक्कं लाकडी स्टूल लागेल. जिप्सी पहाटे रिसॉर्टच्या फाटकातूनच न्यायला येते, तिथे सगळ्यांना सावकाश बसवता येतं. गेटवर घाई असते, तिथे चढ-उतार करू नका. आत एकदा गेलं की ठरावीक जागा सोडून कुठेही उतरायला मिळत नाही, म्हणून पहाटेचा चहा अर्धाच कप द्या, आणि गुडघ्याची गोळी असेल तर निघायच्या आधी, थोडं खाऊन.

हादऱ्यांचं म्हणाल तर जिप्सीची मागची सीट उंच असते. तिथून लांबचं दिसतं म्हणून सगळे तिथेच धावतात. पण ती मागच्या चाकांवर येते, प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. तिथे तुम्ही आणि वहिनी बसा. बाबांना पुढच्या रांगेत घ्या, ड्रायव्हरच्या अगदी मागे. समोर धरायला दांडी असते, हादरे सगळ्यांत कमी, आणि रस्ता ड्रायव्हरला दिसतो तसाच दिसतो. मुलीला त्यांच्या शेजारी बसवा.