टुखेल सरांना काढणाऱ्या मालकांच्या खिशात पैसा घालायचा का? भाच्याला चेल्सीची जर्सी पाहिजे

मानेवाड्याचा निळा (प्रश्न)

राजेहो, मनापासून विचारतो आहे, मनापासूनच सांगा.

माझा भाचा अकरा वर्षांचा. पुढच्या महिन्यात वाढदिवस. त्याला लंडनच्या चेल्सी फुटबॉल क्लबच्या कोल पामरची जर्सी पाहिजे, तीही ओरिजिनल. बर्डीच्या फुटपाथवरची चालत नाही, शाळेतली पोट्टी लगेच ओळखतात म्हणे. मामा म्हणून घेऊन द्यायला माझी ना नाही. पण तो पैसा जातो कोणाकडे, तिथे माझं अडतं. ७ सप्टेंबर २०२२ नंतर मी चेल्सीच्या नावाने एक रुपया खर्च केलेला नाही.

त्या दिवशी आपले कोच टुखेल सर यांना काढलं. आदल्या रात्री झाग्रेबला १-० ने हरलो होतो. ती त्यांची शंभरावी मॅच. सीझन सुरू होऊन जेमतेम महिना झालेला. टॉड बोएली आणि क्लिअरलेक या गुंतवणूक कंपनीवाल्यांनी मे महिन्यात क्लब घेतला, उन्हाळ्यात पंचवीस कोटी पौंडांच्या वर खेळाडू आणले आणि ते खेळाडू एकमेकांची नावं पाठ करत होते तेवढ्यात कोचलाच घरी पाठवलं.

हे सर मला एवढे जवळचे काहून, तेही सांगतो. २०२१ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची फायनल आपल्याकडे ३० मेच्या रात्री साडेबाराला सुरू झाली. बाबा कोविडमधून नुकतेच घरी आले होते. दर दोन तासांनी ऑक्सिमीटर लावायचा म्हणून मी त्यांच्याच खोलीत जागा. आवाज बंद करून मॅच पाहिली. ४२व्या मिनिटाला आपल्या हावर्ट्झने गोल केला तेव्हा ओरडता येईना, उशीत तोंड खुपसलं. तरी बाबांना जाग आली. म्हणाले, "कोण जिंकून राह्यलं?" आजारपणानंतर त्यांनी स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट.

पुढच्या मार्चमध्ये, युक्रेन युद्धामुळे, ब्रिटिश सरकारने क्लबचा तेव्हाचा रशियन मालक अब्रामोविचवर निर्बंध घातले. क्लबचं दुकान बंद. बाहेरच्या मॅचला प्रवासखर्च वीस हजार पौंडांच्या आत. रोज पत्रकारांपुढे उभे कोण, तर टुखेल सर. युद्धावरचे, मालकावरचे, पगारावरचे सगळे प्रश्न त्यांनाच. फ्रान्समध्ये लीलला मॅचसाठी जायला विमान नाही मिळालं तर ट्रेनने जाऊ, बसने जाऊ, तेही नाही तर सात सीटांची गाडी मी स्वतः चालवीन, असं म्हणाले होते. घर पडायला आलं तेव्हा ज्याने खांदा दिला, त्यालाच नव्या मालकांनी तीन महिन्यांत दार दाखवलं. मग पॉटर आणला, एप्रिलमध्ये त्यालाही काढलं, टीम बाराव्या नंबरवर गेली.

मॅच मी अजूनही बघतो, खोटं कशाला बोलू. पण त्या मालकांचे चेहरे स्क्रीनवर आले की नजर वळवतो. अशा वेळी पोराच्या अंगावर तीच जर्सी कशी चढवू? तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

जरीपटक्याची नीता

भाऊ, मी २००८ च्या सप्टेंबरमध्ये एम.एस्सी.साठी न्यूकॅसलला पोचले, त्याच आठवड्यात तिथल्या फुटबॉल टीमचा कोच केविन कीगनने राजीनामा दिला. मला फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं, पण गावात कोणी गेल्यासारखं वातावरण होतं. मालक माईक ॲश्ली. कीगनला नको असलेला खेळाडू वरच्यांनी त्याच्या माथी मारला. कोणी त्याला खेळतानाही पाहिलं नव्हतं, तर कीगनला सांगितलं यूट्यूबवर बघून घ्या. पुढे ऑक्टोबर २००९ मध्ये लवादाने कीगनच्या बाजूने निकाल दिला, वीस लाख पौंड मिळाले. तोवर टीम खालच्या लीगमध्ये गेली होती.

माझे घरमालक सत्तरीचे होते. राजीनाम्यानंतरच्या हल सिटीच्या मॅचला स्टेडियमबाहेर घोषणा दिल्या, मग आत जाऊन बसले. १-२ ने हरून आले. मी विचारलं, एवढा राग आहे तर आत गेलात कशाला? म्हणाले, आत खेळतात ती आमची पोरं आहेत. तिकीट त्यांनी सोडलं नाही. पण त्या दिवसापासून स्टेडियमच्या आत चहासुद्धा विकत घेतला नाही, घरून जेवून निघायचे. ॲश्ली २०२१ पर्यंत टिकला. मी परत आल्यावरही दर ख्रिसमसला त्यांचं पत्र यायचं, आणि प्रत्येक पत्रात आत काही विकत घेतलं नाही हे लिहिलेलं असायचं.

धंतोलीचा आठ नंबर

दादा, राग समजतो. पण टुखेल आले कसे ते आठवा. २५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचा कोच लँपार्डला काढलं म्हणून आले. लँपार्ड, आपला जुना खेळाडू, ज्याच्यासाठी आपल्यापैकी अर्धे लोक या क्लबचे झाले! आणि त्याआधीचा कोच डी मातेओ? मे २०१२ मध्ये म्युनिकला क्लबचा पहिला चॅम्पियन्स लीग कप जिंकून दिला, नोव्हेंबरमध्ये बाहेर. हे सगळं अब्रामोविचने केलं. कप येत गेले म्हणून आपण गिळलं. मग आताच पैसा का बोचतो?

मानेवाड्याचा निळा

डी मातेओच्या वेळी सगळ्यांनी गिळलं नव्हतं. त्यांच्या जागी आणलेले बेनिटेझ पहिल्या मॅचला आले तेव्हा स्टेडियमने त्यांची हुर्यो उडवली, आणि १६व्या मिनिटाला डी मातेओच्या जुन्या १६ नंबरासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लँपार्डच्या वेळी मात्र मी गप्प बसलो. ते तुमचं खरं आहे आणि ते मला लागलं. पण अब्रामोविच निर्दय असला तरी त्याला काय पाहिजे ते कळायचं, कप पाहिजे. या लोकांना काय पाहिजे हे मला अजून कळलेलं नाही. आठ-आठ वर्षांचे करार, विशीतली पोरं घ्यायची, विकायची. कोच त्यात कुठे बसतो?

कामठीचा लेफ्ट बॅक

लंडनचं मला माहीत नाही, माझं सांगतो. आमच्या टीमचा मालक म्हणजे जर्सी, बॉल आणि बाहेरगावच्या टूर्नामेंटला गाडीचा खर्च देणारा एक माणूस. बारा वर्षं जे सर आम्हाला पहाटे साडेपाचला उठवून पळवायचे, त्यांना त्याने एका फोनवर काढलं, कारण त्याच्या पुतण्याला सर बेंचवर बसवायचे. आम्ही अकराही जण चिडलो. पण जर्सी त्याची, गाडी त्याची, कोणी तोंड उघडलं नाही.

पुढच्या रविवारी मॅच होती. सर मैदानाच्या फाटकाबाहेर स्कूटरवर बसून होते. आत आले नाहीत. हाफटाइमला मी धावत गेलो. वाटलं, म्हणतील खेळू नका, म्हटलं असतं तर तिथेच जर्सी काढली असती. ते म्हणाले, "क्रॉस देताना तुझा डावा पाय मागे राहून राह्यला." एवढंच. मग मी आत गेलो.

त्या माणसाच्या टीमकडून मी अजून दोन वर्षं खेळलो. त्याला नमस्कार कधी केला नाही. सर दर रविवारी फाटकावर यायचे.

भाचा स्वतः खेळतो का? खेळत असेल तर यंदा जर्सी राहू द्या, चांगले स्टड, म्हणजे फुटबॉलचे खिळेवाले बूट, घेऊन द्या. आमच्याकडे लहान मुलांची प्रॅक्टिस रविवारी सकाळी असते. सर आता तिथेच शिकवतात.

मानेवाड्याचा निळा

खेळतो, पण गल्लीत, चपला गोलपोस्ट करून. काल रात्री त्याला टुखेल सरांची सात सीटांच्या गाडीची गोष्ट सांगितली. जर्सीचं नाव सोडलं नाही त्याने, पण स्टड म्हटल्यावर उठून बसला. पायाचा नंबर चार आहे. दादा, रविवारी किती वाजता यायचं?