४×५ व्ह्यू कॅमेऱ्यासाठी पहिली लेन्स: १५० की २१० मिमी?

प्रश्न:
मी ४×५ इंची फिल्मचा व्ह्यू कॅमेरा (लेन्स आणि फिल्म वेगवेगळ्या हलवता येणारा मोठा कॅमेरा) घेतला असून तूर्त एकच लेन्स घेणे शक्य आहे. या आकाराची नॉर्मल लेन्स (फिल्मच्या कर्णाइतक्या फोकल लेंग्थची) १५० मिमीची मानतात, परंतु अनेक जाणकार २१० मिमी सुचवतात. मला मुख्यतः इमारती आणि थोडी व्यक्तिचित्रे टिपायची आहेत. कोणती घ्यावी?

पहिले उत्तर:
१५० हा आकडा फिल्मच्या कर्णावरून आला आहे. फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या कडा वगळता साधारण ९५ × १२० मिमी भागावर प्रतिमा उमटते आणि त्याचा कर्ण सुमारे १५३ मिमी भरतो. मात्र तुमचा विषय इमारती असल्यामुळे फोकल लेंग्थइतकेच प्रतिमावर्तुळाकडे, म्हणजे लेन्स जेवढ्या गोल भागावर प्रतिमा पाडते त्याकडे, लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उभ्या रेषा समांतर राहाव्यात म्हणून कॅमेरा न कलवता पुढचे स्टँडर्ड, म्हणजे लेन्स धरणारी चौकट, वर उचलावे लागते (यालाच राइज म्हणतात) आणि तेव्हा फिल्मचे एका बाजूचे दोन्ही कोपरे वर्तुळाच्या काठाकडे सरकतात. सिमार-एस किंवा निक्कॉर-डब्ल्यू यांसारख्या १५० मिमी एफ/५.६ लेन्सचे वर्तुळ एफ/२२ वर (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, बरेच लहान केल्यावर) सुमारे २१० मिमी व्यासाचे असते. त्यात आडव्या चौकटीत साधारण ३८ मिमी आणि उभ्या चौकटीत ३३ मिमी राइज मिळतो. टेसार या चार भिंगांच्या रचनेच्या जुन्या लेन्स आकाराने आटोपशीर असतात, पण त्यांचे वर्तुळ लहान असल्याने या कामासाठी त्या घेऊ नयेत.

दुसरे उत्तर:
व्यक्तिचित्रांसाठी मी २१० मिमीच घेईन. प्रतिमा विषयाच्या एक चतुर्थांश आकाराची हवी असेल, तर १५० मिमी लेन्स चेहऱ्यापासून सुमारे ७५ सेंमीवर आणावी लागते आणि नाक मोठे दिसू लागते. २१० मिमीला तेच अंतर १०५ सेंमी होते. भाता (लेन्स आणि फिल्म यांमधली घडीची नळी) मात्र २६२ मिमीपर्यंत ताणला जाईल, तेवढा तो उघडतो का हे पाहून घ्यावे. दोन्ही लेन्सना अशा वेळी सुमारे दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) अधिक एक्स्पोजर द्यावे लागते.

प्रश्नकर्ता:
भाता ३०० मिमी उघडतो. परंतु इमारतींसमोर मागे सरकायला बहुधा जागा नसते.

पहिले उत्तर देणारे:
मग रुंद दृश्य देणारी १५० मिमीच घ्यावी. राइज दिल्यावर लेन्स एफ/२२ वर आणून ग्राउंड ग्लासच्या, म्हणजे मागे प्रतिमा पाहायच्या धुरकट काचेच्या, कापलेल्या कोपऱ्यांतून ॲपर्चरकडे पाहावे. ते पूर्ण दिसले तर कोपरा सुरक्षित आहे, कडेने कापलेले दिसले तर राइज थोडा कमी करावा.