आधी गीझर बघा

वीजबिल कमी करायचं तर फ्रिजचं कूलिंग कमीवर ठेवा, हा नेहमीचा सल्ला बरोबरच. पण आपल्या बेळगावात मी आधी गीझर बघायला सांगेन. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, महिन्याला २०० युनिट ओलांडले की सगळंच बिल भरावं लागतं, फक्त वरच्या युनिटांचं नव्हे! आमच्या शहापूर भागात पावसाळ्यात हेच व्हायचं. कपडे वाळवायला रात्रभर पंखे, त्यात गीझर. २ किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. शेवटी आईनं माळ्यावरचा तांब्याचा बंब काढला, चिंचेनं घासून लख्ख केला. आता करवंट्यांवर पाणी तापतं. पंखे बदलायचे झाले तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घ्या, जुना ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. आणि महिन्याच्या मध्यावर मीटर स्वतः वाचा, बिलाची वाट बघू नका.