मदत हवी आहे: बांधावरच्या झाडांचं कार्बन क्रेडिट विमान कंपन्यांना खरंच विकता येतं का?

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचा ऊस आहे. गावात एका कंपनीची माणसं येतायत. बांधावर महोगनी आणि बांबू लावा, रोपं आम्ही देतो, झाडांनी शोषलेल्या कार्बनचं क्रेडिट (एक टन कार्बन डायऑक्साइडमागे एक प्रमाणपत्र) विमान कंपन्यांना विकून पैसे खात्यावर टाकतो, असं सांगतात. "२०२७ पासून त्यांना घ्यावंच लागणार" हे पालुपद प्रत्येक बैठकीत असतं. चुलत्यांनी सातबारा, आधारची झेरॉक्स देऊनही टाकली. सही मात्र मी थांबवून धरली आहे.

२०२७ची गोष्ट खरी आहे. इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची कोर्सिया योजना २०१६ मध्ये ठरली. विमानांचं कार्बन उत्सर्जन २०१९च्या ८५ टक्क्यांवर जेवढं जाईल, तेवढ्याची भरपाई विमान कंपन्यांनी क्रेडिट घेऊन करायची. भारत त्यात २०२७ पासून आहे, तोही फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरता. पुणे-दिल्ली विमानाला ते लागू नाही. युरोपच्या ईटीएसमध्ये (तिथल्या उत्सर्जन परवान्यांच्या बाजारात) तर झाडांची क्रेडिट चालतच नाहीत.

घोडं अडतं ते पुढे. कोर्सियाला चालणाऱ्या क्रेडिटसाठी, उत्सर्जनातली ही घट आम्ही आमच्या देशाच्या हवामान उद्दिष्टाच्या हिशेबात धरणार नाही, असं त्या देशाच्या सरकारचं पत्र लागतं. कोणत्या कामांची क्रेडिट परदेशी देता येतील याची यादी केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठरवली. तीत हरित हायड्रोजन आहे, शाश्वत विमान इंधन आहे, वृक्षलागवड नाही. मग पत्र आणणार कुठून? विचारलं तर म्हणाले, "ते हेड ऑफिस बघतं."

(विमान इंधन उसापासूनच्या अल्कोहोलचंही होतं. आम्हा ऊसवाल्यांना तो रस्ता जास्त सरळ वाटतो, पण त्यावर वेगळा धागा काढेन.)

करार इंग्रजीत आहे. तीस वर्षं झाड तोडायचं नाही, जमीन विकली तरी अट नव्या मालकावर. क्रेडिट खपलं नाही तर शेतकऱ्याला काय, यावर एक ओळ नाही. आमच्या रानाने २०१९ आणि २०२१चा महापूर पाहिलाय. रोपं वाहून गेली तर भरपाई कुणी करायची, तेही लिहिलेलं नाही.

जाणकारांनी कृपया सांगा: त्या यादीत नंतर वृक्षलागवड आली का? अशा कराराचा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढू शकतो का? सातारा-सांगलीकडे कुणी सही करून प्रत्यक्ष पैसे घेतले असतील तर किती वर्षांनी मिळाले, तेही लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक आहे, आणि भावकीतले बरेच जण सहीला तयार बसलेत.